प्रश्न नसलेली चाचणी

१४ जुलै
आले! टॅब आले एकदाचे! पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची गाडी दुपारी माकणीत शिरली आणि सातवीचा अख्खा वर्ग खिडकीला. मुख्याध्यापक नारायणराव सरांनी नारळ आधीच आणून ठेवला होता. खोक्यांना हळदकुंकू, मग नारळ, मग फोटो. फोटोत मी डोळे मिटलेले. नेहमीप्रमाणे.

गणिताचे गुरुलिंग सर कानाशी कुजबुजले, "बघा मॅडम, आता आपल्यालाबी चार्जिंगला लावतील."

१७ जुलै
हे प्रकरण भलतंच सोयीचं आहे! विज्ञानाचा धडा शिकवायचा, मी प्रश्न नि चार पर्याय घालायचे, पोरं दाबणार, टॅबच तपासणार. मुख्याध्यापक सरांच्या खोलीतल्या पडद्यावर लगेच रंग — हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे बोंब. आमचा वर्ग हिरवागार. आणि वह्यांचा ढीग नाही! लोहाऱ्याला घरी परत येताना स्कूटीच्या डिकीत फक्त डबा आणि रेनकोट. गाणं म्हणत आले.

२९ जुलै
हर्षालीनं धुमाकूळ घातलाय. बब्रुवान म्हणून एक शेतकरी आहेत धरणाच्या बाजूला, त्यांची मुलगी. बारीक, दोन वेण्या, पहिल्या बाकावर. प्रश्न टॅबवर उमटतो न उमटतो तोच हिचं बोट! आणि बरोबर! कुणीही शाळेत आलं की नारायणराव सर तिला बोलावून घेतात. "आमची हर्षाली. बघा वेग." वेग पाहून पाहुणे माना डोलावतात.

आज बब्रुवान स्वतः आले. धुतलेला सदरा, हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा. "मॅडम, आमच्या घरात कुणी पयलं आलं न्हाय आजपत्तर. कशातच न्हाय." पुडा दोन्ही हातांनी दिला. पेढा खरंच चांगला होता. मी दोन खाल्ले.

५ ऑगस्ट
लाईट गेली. टॅब उतरले. तोंडी विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग मागून कुणीतरी — "मॅडम, पर्याय?"

६ ऑगस्ट
कालचं डोक्यातून जाईना. म्हणून आज मधल्या सुट्टीत हर्षालीला बोलावलं. हाच प्रश्न तिनं गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या आधी बरोबर दाबला होता.

"सांग, का तरंगतो?"

ती माझ्याकडं बघतेय. मी तिच्याकडं. शेवटी अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "पर्याय द्या की मॅडम. लगीच सांगते."

हसू आलं. गुरुलिंग सरांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या घरीही हेच. बायकोनं विचारलं भाजी कुठली करू, तर पोरगा म्हणतो चार नावं घे, एकावर बोट ठेवतो. आम्ही दोघंही हसलो. पण चहा संपल्यावर मी परत त्या प्रश्नाशीच आले. मग जे बरोबर येतंय, ते येतंय कुठून?

११ ऑगस्ट
आज एक खोडी काढली.

चाचणी घातली. त्यात प्रश्नच नाहीत! एकही नाही. नुसतं "योग्य पर्याय निवडा" आणि खाली अ, ब, क, ड अशी चार उत्तरं. असे वीस. धडा अजून न शिकवलेला. मला वाटलं, पहिल्या मिनिटाला गोंधळ होणार — मॅडम, प्रश्न दिसंना, मॅडम, टॅब बिघडलाय.

एकही हात वर नाही. माना खाली, बोटं चालू. टक टक टक. कुणालाही काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आणि निकाल? निम्म्याहून जास्त वर्ग हिरवा. हर्षाली — वीसपैकी सोळा!

प्रश्न नव्हता! सोळा!!

गुरुलिंग सरांना चहा घेताना दाखवलं. ठसका लागला, पाठ चोळावी लागली. "मॅडम, प्रश्न न वाचता सोळा मिळवलेलं पोरगं बघितलंय म्या, पण प्रश्नच नसताना? हे लई वरचं हाय."

१२ ऑगस्ट
हर्षालीला विचारलं, रागावणार नाही, खरं सांग. कसं केलंस?

तिला वाटलं मी कौतुक करतेय. खुलली. अशी काही पद्धतशीर सांगायला लागली की मी खुर्चीतच सरळ झाले.

"सगळ्यात लांब उत्तर बरोबर असतंय मॅडम. तुमी बरोबर उत्तर नीट लिवताव. चुकीचं लिवायचा तुमाला कट्टाळा येतोय." — पटलं! येतोच! "ज्यात 'नेहमीच' न्हाईतर 'कधीच' हाय ते चूक. 'वरील सर्व' असलं तर डोळं झाकून दाबायचं. दोन पर्याय सारखे दिसले तर त्यातलंच एक. आन् तुमी लागोपाठ दोनदा 'अ' कधीच देत न्हाईत."

म्हणजे पोरगी विज्ञान शिकत नव्हती. मला शिकत होती! महिन्याभरात मला इतकं बारकाईनं कुणी वाचलेलं नाही, घरच्यांनीसुद्धा नाही.

मग ती सहज म्हणाली, "आन् तेरणेचं गोदावरी." म्हणजे? तर संस्थेनं भरून दिलेल्या भूगोलाच्या प्रश्नांत एक आहे — तेरणा कोणत्या नदीला मिळते? उत्तर त्यांनी गोदावरी ठेवलंय. चूक. मी म्हटलं, अगं, मांजरा ना?

"आमाला म्हाईत हाय की मांजरा. पण टॅबला गोदावरी पायजे."

साऱ्या वर्गाला ठाऊक! तेरणेच्या धरणाशेजारी राहणारी पोरं, आणि सगळी निमूट गोदावरी दाबतात. हिरवं यावं म्हणून. हसू नाही आलं मग.

१३ ऑगस्ट
नारायणराव सरांशी बोलले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, ऑक्टोबरात तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. डिजिटल शाळांत आपण पुढं आहोत. हिरवं दिसतंय ना? मग तुम्ही लाल कशाला शोधून काढताय?" माणूस वाईट नाही. ह्या शाळेचं छत गळत होतं तेव्हा ह्यांनीच गावभर फिरून पत्रे मिळवले. पण आज माझा घसा दुखेपर्यंत बोलून झालं तरी त्यांची नजर पडद्यावरच.

१८ ऑगस्ट
सरांना न विचारता सुरू केलं! प्रत्येक प्रश्नाला पाचवा पर्याय — "मला येत नाही". तो दाबला तर गुण जात नाहीत. बाकी काही दाबलं तर उभं राहून का ते सांगायचं. सांगता आलं नाही तर बरोबरही चूक. आणि वर्गाला बजावलं: येत नसेल तर सोडा. अंदाजपंचे उत्तर म्हणजे दुसऱ्याचं उत्तर.

पडदा लालभडक. गुरुलिंग सर दारातून डोकावले आणि "सूर्यास्त झाला की हो" म्हणून निघून गेले.

१९ ऑगस्ट
हर्षाली तीनदा उभी राहिली. तीनदा बसली.

२२ ऑगस्ट
ती दोन दिवस आलीच नाही. आज बब्रुवान आले. पेढे नाहीत. दारातच थांबले, आत या म्हटलं तरी नाही.

"मॅडम, काय झालं वो? पोरगी म्हणती मला काईच येत न्हाय. म्हणती आधीचं समदं खोटं हुतं. जेवंना, बोलंना. गेल्या म्हयन्यात पयली हुती ना ती? तुमीच मनला हुताव."

मीच म्हणाले होते. काय सांगू? की तुमची मुलगी मला वाचण्यात पहिली होती? म्हटलं, मी येते घरी. ते म्हणाले, या. पण त्या आवाजात येऊ नका असंही होतं.

२३ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर गेले. रस्त्याच्या शेवटी स्कूटी चिखलात रुतली, ती तिथंच सोडली, चपला हातात घेऊन पोचले. हर्षालीची आई तुळजाबाई धारा काढत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "बसा," एवढंच. म्हशीनं मात्र वळून पाहिलं.

हर्षाली दाराच्या आड. मी तिथूनच बोलायला लागले. काय बोलले ते नीट आठवत नाही — चूक तुझी नाही, प्रश्न मी वाईट लिहिले, असलं काहीतरी. तुळजाबाईंनी बादली बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, तुमी पोरीला उचलली बी तुमीच, आपटली बी तुमीच."

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

मग आडून आवाज आला. "मला चुकीचं कळतंय मॅडम. चुकीचं उत्तर कसं असतंय ते कळतंय. बरोबर का बरोबर हाय, ते न्हाय कळत."

आणि मला एकदम सुचलं! म्हटलं, मग चुकीची उत्तरं तूच लिही. माझी इतकी भिकार असतात की बघताक्षणी ओळखू येतात. तू अशी लिही की कुणीही फसलं पाहिजे. गुरुलिंग सरसुद्धा.

दार थोडं उघडलं. "सर बी?"

"सर तर पहिले."

निघताना तुळजाबाईंनी तांब्याभर दूध दिलं, नको म्हटलं तरी. गरम, फेसाळ. चिखलातून स्कूटी बब्रुवाननी काढून दिली. पुसूनही दिली.

४ सप्टेंबर
वर्गाचं रूपच पालटलंय. आता प्रश्न पोरं घालतात, पर्यायही पोरंच. अट एक — चुकीचा पर्याय खऱ्या माणसानं केलेली चूक असला पाहिजे. हवेतला नाही.

हर्षाली गावभर विचारत फिरते. बर्फ का तरंगतो? बाप म्हणाला, बर्फात हवा भरलेली असते. तो झाला 'ब'. किराणा दुकानदार म्हणाला, गार वस्तू हलकी असते. तो 'क'. आई म्हणाली, "तरंगला न्हाय तर सरबतात दिसंल कसा?" हे कुठल्याच अक्षरात बसेना. तरी 'ड'मध्ये घातलं. वर्ग हसून हसून आडवा.

पण पुढचं महत्त्वाचं. बापाचं उत्तर चूक का, ते त्याला पटवायला तिला धडा तीनदा वाचावा लागला. आज उभी राहून सांगितलं — पाणी गोठताना फुगतं, तेवढ्याच वजनाला जागा जास्त घेतं, म्हणून पाण्यापेक्षा हलकं पडतं. स्वतःच्या शब्दांत. हळू. मध्ये एकदा अडकली, थांबली, पुन्हा धरलं. घाई नाही!

१२ सप्टेंबर
हर्षालीच्या चाचणीत गुरुलिंग सर नापास. दहात चार. "पोरगी विषारी हाय," असं तिच्या तोंडावर म्हणाले, आणि ती दिवसभर जमिनीवर नव्हती.

२५ सप्टेंबर
पडद्यावर अजून लाल जास्त. नारायणराव सर रोज सकाळी तिकडं असं बघतात जसं कुणी आजारी माणसाकडं बघतं. आज म्हणाले, "साहेब आले की तेवढा एक दिवस ते पाचवं बटण काढा. एकच दिवस." मी हजेरीपट उचलून वर्गाकडं निघाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

९ ऑक्टोबर
साहेब येऊन गेले!

सविस्तर लिहिते. सरांनी रांगोळी, फेटे, स्वागतगीत सगळं केलं, पडदाही वर्गात आणून लावला. साहेब म्हणजे पन्नाशीचे, शांत, सारखा घाम पुसणारे गृहस्थ. सातवीत येऊन बसले ते थेट मागच्या बाकावर. चाचणी संस्थेनं पाठवलेली, माझ्या हातात काही नाही. पाचवं बटण? — नव्हतंच. सरांचा जीव भांड्यात.

आणि भूगोलात आली की तेरणा! तोच प्रश्न, तेच चार पर्याय. मी भिंतीला टेकले. गेल्या दोन महिन्यांत ह्या एका प्रश्नाबद्दल मी वर्गाला काहीही सांगितलं नव्हतं. गोदावरी दाबा असं नाही, मांजरा दाबा असंही नाही.

टक. टक. टक. पडदा लाल. सगळा वर्ग चूक! एका प्रश्नावर एकजात सगळे!

साहेब उठले. "हे काय? इतका सोपा प्रश्न?" नारायणराव सर घाईनं पुढं, "साहेब, मुलं घाबरली असतील, एरवी —"

हर्षाली उभी राहिली. कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं.

"साहेब, घाबरली न्हाईत. टॅबचंच चुकलंय. त्याला गोदावरी पायजे. आमी बी आधी तेच दाबत हुताव. पण तेरणा मांजराला मिळती. मग मांजरा गोदावरीला. मधली गाळून कसं चालंल?"

साहेबांनी स्वतःचा मोबाईल काढला, नकाशा उघडला, बोटानं नदी धरून खाली खाली गेले. मग मोबाईल खिशात. "बरोबर आहे," एवढंच. आणि तिला म्हणाले, "बस. नको, थांब. मोठी होऊन काय व्हायचंय तुला?"

तिनं विचार केला. खरंच केला, दिसत होता. "अजून येत न्हाय साहेब."

ते हसले. पहिल्यांदाच.

११ ऑक्टोबर
डिजिटल शाळेचा मान दुसऱ्या शाळेला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज चहाचा कप स्वतः माझ्यापुढं ठेवला. "मॅडम, त्या पुण्याच्या लोकांना तेरणेचं कळवा. शाळेच्या नावानं कळवा. खाली सही माझी घ्या."

३ नोव्हेंबर
तेरणा सुधारली! सगळ्या टॅबवर मांजरा आलं. वर्गात टाळ्या. जणू नदीच ह्यांनी वळवलीय!

आणि आणखी एक — साहेबांचा फोन. सोलापूरकडं एक मोठी निवासी शाळा आहे, आठवीपासून बारावीपर्यंत राहणं-जेवण-शिक्षण फुकट, प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळं. प्रवेश परीक्षा घेऊन थोड्याच मुलींना घेतात. "ती उभी राहिलेली मुलगी बसवा," म्हणाले.

बब्रुवानना सांगितलं. ऐकत राहिले. मग, "इतक्या लांब?" मग थोड्या वेळानं, "तिथं प्रयोगशाळा म्हंजी काय काय असतंय?" मी सांगत गेले. तुळजाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, पण भाकरी करपली.

१४ डिसेंबर
गुरुलिंग सर रोज शाळा सुटल्यावर गणित घेतात. मी विज्ञान. एकेका गणिताला पोरगी इतके प्रश्न विचारते की सर म्हणाले, "मॅडम, हिला परत पयल्यासारखी करा, आमचं घरी जायचं बघा." हे बोलताना चेहरा मात्र लग्नघरातल्या मामासारखा!

१८ जानेवारी
परीक्षा झाली. बब्रुवान आणि तुळजाबाई दोघंही आले होते सोलापूरला. तुळजाबाईंनी नवं लुगडं नेसलेलं. केंद्राबाहेर लिंबाखाली बसून आम्ही चौघांनी — गुरुलिंग सरही आले, काम आहे म्हणून, कसलं काम! — शेंगाचटणी-भाकरी खाल्ली.

हर्षाली बाहेर आली ती उड्या मारतच. "सोपा हुता मॅडम! आन् पर्याय लई भारी केले हुते. कुणीतरी मन लावून चुकीचं लिवलंय!" पेपर कसा गेला हे विचारायचं तर ही पेपर काढणाऱ्याचं कौतुक करतेय!

येताना गाडीत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. मी हललेच नाही तुळजापूर येईस्तोवर.

६ फेब्रुवारी
शाळेत सगळे तिची निवड धरूनच चाललेत. नारायणराव सरांनी निरोपाला काय द्यायचं ते विचारलं. म्हटलं, निकाल तर लागू दे.

२१ फेब्रुवारी
दोन गुणांनी हुकली.

तपासलेला पेपर त्यांच्या साईटवर दिसतो. बघितला. जे सोडवलंय त्यातलं जवळजवळ सगळं बरोबर. आणि नऊ प्रश्न कोरे. चुकीला गुण कापणार नव्हते, असं वरच छापलंय. जुलैतली हर्षाली असती तर नऊच्या नऊ डोळे झाकून रंगवले असते, दोन-तीन सहज लागले असते, आणि आज ती बॅग भरत असती. परीक्षेआधी एवढंच सांगायचं होतं — तिथं भर, काहीही भर. मला सुचलंच नाही.

विचारलं, का सोडलेस गं?

"येत नव्हते मॅडम." जराही न बिचकता. मग जवळ सरकून, "उद्या सांगताव का, ते नऊ कसे करायचे?"

हो म्हणाले. आणि नळावर तोंड धुवायला गेले.